बर्फाची राखण

पहाटे ५

बाहेर फुटपाथच्या कडेला कमरेएवढा बर्फ साचलेला. तो उपसायला साप्पोरोत गाड्या रात्रभर फिरतात. आणि त्सुकिसामूच्या क्रीडागृहात आत मात्र वीज जाळून बर्फ टिकवावा लागतो. दारातला फुकटचा बर्फ हॉकीच्या कामाचा नाही. तो भुसभुशीत, हवेने भरलेला, त्याच्यावर स्केटचं पातं रुतून बसेल. आतला बर्फ थरावर थर चढवून घडवलेला असतो, आणि सगळे थर मिळून त्याची जाडी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. एवढ्याशा पापुद्र्यावर शंभर किलोची माणसं तासाला तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगाने एकमेकांवर आदळणार असतात.

फेब्रुवारी २०१७. आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांचा आठवडा, १९ ते २६ तारीख. त्सुकिसामूला मोठ्या पाहुण्यांची सवय आहे; १९७२च्या हिवाळी ऑलिंपिकमधले हॉकीचे काही सामने इथेच झाले होते. आपला माणूस म्हणजे रिंकवरचा बर्फवाला. हा कोणी एक ठरावीक माणूस नव्हे. अशा रिंकवर चार-पाच जण पाळीपाळीने जी कामं करतात, ती एकाच्याच अंगावर घालून सांगतो, म्हणजे दिवस सलग दिसेल.

आल्या आल्या तो रिंककडे बघतही नाही. आधी कॉम्प्रेसरच्या खोलीत जातो. इथे थंड केलेलं खारट द्रावण काँक्रीटच्या लादीत पुरलेल्या नळ्यांमधून फिरत असतं. नळ्यांची एकूण लांबी काही किलोमीटर भरते. लादीखालची जमीन गोठून फुगू नये म्हणून पार तळाशी उबेची सोय केलेली असते, म्हणजे वर गोठवायचं आणि खाली ऊब द्यायची, असा हा मामला. रात्रीचे आकडे वहीत उतरवायचे, पंपाचा आवाज ऐकायचा. आवाज नेहमीसारखा असला की मगच चहा.

पहाटे ५.४५

मग ड्रिल घेऊन बर्फावर. ठरलेल्या जागांवर बारीक भोकं पाडायची, पट्टी घालून खोली मोजायची, लगेच पाणी ओतून भोक बुजवायचं. हे रोज करावं लागतं, कारण बर्फ सगळीकडे सारखा झिजत नाही. कडेच्या फळ्यांजवळ तो वाढतो आणि गोलच्या तोंडाशी खंगतो. बर्फ फार जाड झाला तर खालच्या नळ्यांची थंडी वरपर्यंत पोचत नाही, पृष्ठभाग मऊ पडतो. फार पातळ झाला तर निळ्या-लाल रेषांचा रंग खरवडून निघायची भीती. या रेषा वरून आखलेल्या नसतात. पांढऱ्या रंगाच्या थरावर त्या रंगवायच्या आणि वर पारदर्शक बर्फाचे थर चढवायचे, अशी ती रचना.

फळ्यांच्या कडेने छोटं तासणीयंत्र फिरवायचं कामही आत्ताच उरकायचं. मोठी गाडी जिथे पोचत नाही तिथला बर्फ हे यंत्र तासतं. कंटाळवाणं काम. हात बधिर होतात, कान भरून जातात, आणि ते नीट झालं तर कुणाला कळतही नाही. नीट झालं नाही तर कडेला आलेला पक उडी मारतो आणि प्रशिक्षक थेट बर्फवाल्याकडे वळून बघतो.

सकाळी ७

आता पहिली फेरी. रिंक तयार करणाऱ्या गाडीला जगभर झांबोनी म्हणतात, गाडी कोणत्याही कंपनीची असो. फ्रँक झांबोनी हा कॅलिफोर्नियातला माणूस. त्याने १९४९ साली हे यंत्र सिद्ध केलं. त्याआधी ट्रॅक्टरमागे तासणी लावायची, माणसांनी भुगा फावड्याने उचलायचा, मग पाणी मारायचं आणि गोठायची वाट बघायची, असा तासाभराचा खटाटोप असे. आता एक गाडी दहा मिनिटांच्या आत सगळं करते.

गाडीच्या पोटाखाली जवळजवळ दोन मीटर लांबीचं पातं असतं. ते बर्फाचा अगदी पातळ पदर काढतं, मळसूत्री दांडे तो भुगा वरच्या टाकीत ओढतात आणि मागे लोंबणारं जाड कापड पाणी पसरवत येतं. अंगण सारवताना बाई मागे सरकत जाते आणि ओला हात पुढच्या पट्ट्याला जरासा चढवत नेते, तसंच इथेही एक फेरी आधीच्या फेरीला जराशी चढवावी लागते. मध्ये फट राहिली तर ती पट्टी दिव्यांच्या उजेडात लगेच दिसते, आणि कॅमेऱ्यात तर जास्तच.

पाणी गरम असतं, साठ अंशांच्या आसपास. नव्या माणसाला हे आधी पटत नाही. थंड करायचं तर गरम पाणी कशाला? एक तर गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी, त्यामुळे बर्फ घट्ट आणि नितळ होतो. दुसरं म्हणजे गरम पाणी वरचा पदर किंचित वितळवतं, ओरखड्यांत शिरतं आणि जुन्या बर्फाशी एकजीव होऊन गोठतं. थंड पाणी नुसतं वर बसलं असतं आणि पहिल्याच वळणाला पापुद्रा सुटून आला असता.

टाकीतला भुगा मागच्या दाराने बाहेर नेऊन टाकायचा. बाहेर आधीच ढीग. साप्पोरोत ही एक सोय आहे, बर्फ टाकायला जागा शोधावी लागत नाही.

सकाळी ८.३०

सरावाच्या वेळा. सामन्याच्या दिवशी संघ सकाळी थोडा वेळ पाय मोकळे करून जातात. बर्फवाल्याच्या दृष्टीने ही लोकं ओळखायची वेळ. कझाकस्तानचे खेळाडू येतात तेव्हा आधी आवाज येतो. पातं बर्फात खोल जातं, वळताना करकर असा दाट, लांब आवाज. यातल्या कितीतरी जणांचा खेळ ओस्केमेनचा, म्हणजे जुन्या उस्त-कामेनोगोर्स्कचा. सोव्हिएत काळापासून हॉकीवेडं असलेलं हे शहर, अमेरिकेत नाव काढलेला गोलरक्षक एवगेनी नाबोकोव्ह इथलाच. शिवाय राजधानीचा बारिस हा संघ २००८पासून रशियाच्या केएचएल या मोठ्या लीगमध्ये खेळतो. म्हणजे या पोरांना रोजच्या रोज वरच्या दर्जाचे सामने. आशियात दुसऱ्या कोणाला हे नशीब फारसं लाभलेलं नाही. चीनने २०१६मध्ये कुन्लुन रेड स्टार हा संघ त्या लीगमध्ये उतरवला, पण गाडी अजून रुळायची होती.

जपानच्या हॉकीची घडण वेगळी. तिथे कारखान्यांनी संघ पोसले. साप्पोरोच्या दक्षिणेला तोमाकोमाई नावाचं कागदगिरण्यांचं गाव आहे, तिथल्या ओजी कंपनीचा संघ देशात नावाजलेला होता. २००३मध्ये जपान आणि कोरियाने मिळून आशिया लीग सुरू केली, ती याच कंपनीसंघांच्या जोरावर. म्हणून होक्काइदोत आइस हॉकीचा प्रेक्षक जाणता. तो गोल झाल्यावर ओरडतो, पण चांगला पास झाला तरी हुंकार देतो.

दुपारी १२

जेवण उभ्याउभ्या. पक फ्रीजरमध्ये ठेवलेत ना, हे बघायचं. पक म्हणजे कडक रबराची चकती, पावशेरापेक्षा हलकीच, दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमची. ती थंड नसेल तर चेंडूसारखी उसळते; गोठवलेली असली की बर्फाला चिकटून सरपटते. पेटीत एकदम सगळे पक काढून ठेवायचे नाहीत, लागतील तसे काढायचे.

दुपारी १

दुसऱ्या फळीतला सामना. या आठवड्यात सर्वांत गमतीचं आणि थोडं केविलवाणंही दृश्य हेच. आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या वरच्या गटात चारच संघ: जपान, कझाकस्तान, दक्षिण कोरिया, चीन. बाकीचे खालच्या गटांत. त्यात हाँगकाँग, थायलंड, संयुक्त अरब अमिराती, आणि पहिल्यांदाच आलेले फिलिपिन्स, इंडोनेशिया. यांतल्या कितीतरी खेळाडूंनी आयुष्यात नैसर्गिक बर्फ पाहिलेला नाही. ते मॉलमधल्या रिंकवर शिकले. मॉलमधली रिंक म्हणजे दुकानं बंद झाल्यावर रात्री मिळेल त्या वेळात सराव, शेजारी खाद्यपदार्थांचे गाळे. अशी पोरं साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद बर्फावर उतरली की पहिल्या पाच मिनिटांत त्यांना धाप लागते.

त्यांना हसायचं काही कारण नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्वालालंपूरला आग्नेय आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सने आइस हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं. आणि आपल्याकडचा उलटा किस्सा तर आणखी मजेचा आहे. भारताची आइस हॉकी म्हणजे प्रामुख्याने लडाख. लेहला करझूचं तळं गोठलं की खेळ सुरू, रात्री पाणी सोडून बर्फ घडवायचा, सकाळी स्वतःच झाडून काढायचा. तिथे खेळाडू आणि बर्फवाला ही दोन वेगळी माणसं नसतात. अशा ठिकाणाहून निघालेला भारताचा संघ २००९मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला ती अबू धाबीत. वाळवंटात, छपराखाली, यंत्राच्या बर्फावर.

दुपारी १.४०

पहिला काळ संपला. वीस मिनिटांचा खेळ, घड्याळ थांबत-चालत पस्तीस-चाळीस मिनिटांचा. आता पंधरा मिनिटांचं मध्यंतर, आणि त्यातली बर्फवाल्याच्या वाट्याची थोडीच. खेळाडू आत गेले की दार उघडायचं, दोन पोरांनी गोलचे खांब खुंट्यांवरून उचलून बाजूला घ्यायचे, गाडी आत.

खेळ चालू असताना आपला माणूस बहुतेक वेळ दाराआड असतो. पाण्याची टाकी भर, पात्याला हात लावून बघ, घड्याळ बघ. सामना त्याला तुकड्यातुकड्यांनी दिसतो. पण गाडी घेऊन तो बर्फावर आला की वीस मिनिटांत काय झालं ते त्याला गुणफलकाकडे मान न वळवता सांगता येतं. एकतर्फी सामन्यात अर्धी रिंक नांगरल्यासारखी आणि अर्धी आरशासारखी. जो संघ मार खातोय त्याच्या गोलसमोर ओरखड्यांची जाळी, आडवी, उभी, तिरकी, आणि मधोमध गोलरक्षकाने पॅड टेकून टेकून केलेल्या दोन घळी. दुसऱ्या टोकाला गोलरक्षक कंटाळून येरझाऱ्या घालत होता, त्याच्या पात्याच्या समांतर रेषा तेवढ्या. पुढच्या काळात संघ बाजू बदलतात आणि नांगरटही टोक बदलते. बरोबरीचा सामना असला की मधल्या पट्ट्यात, दोन निळ्या रेषांच्या दरम्यान, सर्वांत जास्त बर्फ उखडलेला असतो. तिथे पक हिसकावण्यातच वेळ गेलेला असतो.

गोलरक्षक ही जमात बर्फवाल्याची दुखरी जागा. आपण काच करून दिलेला बर्फ हा गडी काळ सुरू व्हायच्या आधीच पात्याने घासघासून खरखरीत करतो. त्याचंही बरोबर आहे, गुळगुळीत बर्फावर त्याला पाय रोवता येत नाहीत. पण डोळ्यांदेखत ते बघणं नको वाटतं.

दुपारी ३.३०

सामना संपतो. आइस हॉकीत एक पद्धत फार चांगली आहे. दोन्ही संघ आपापल्या निळ्या रेषेवर उभे राहतात, जिंकलेल्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं, आणि हरलेल्यांनाही ते संपेपर्यंत हेल्मेट काढून उभं राहावं लागतं. मग रांगेने हस्तांदोलन. तासभर एकमेकांना फळ्यांवर दाबणारी माणसं हातमोजे काढून हात देतात. क्रिकेटमध्ये हल्ली हात मिळवायचे की नाही यावर काथ्याकूट होतो. इथे प्रश्नच येत नाही.

बर्फवाला तोवर गाडी सुरू करून दाराशी थांबलेला. गीत मोठं असलं की त्याची चुळबुळ. पुढच्या संघांचा सराव ठरल्या वेळी सुरू व्हायलाच हवा, आणि उशीर कुणाच्याही राष्ट्रगीतामुळे झाला तरी भरून काढायचा तो याने.

संध्याकाळी ५

पातं बदलायची वेळ. दिवसभरात ते बोथट होतं, मग तासण्याऐवजी बर्फ ओरबाडतं. पंचवीस किलोच्या आसपासचं हे धूड दोघांनी मिळून उतरवायचं. धार अशी की जाड हातमोजे असले तरी हात कडेपासून लांबच. या कामात कुणी गप्पा मारत नाही. ज्येष्ठ माणूस हळू आवाजात सांगतो, ‘‘तुम्ही तुमच्या बाजूला आधी टेकवा.’’ एवढंच.

मग लोक यायला लागतात आणि खरी डोकेदुखी सुरू होते. एक माणूस स्वस्थ बसला तरी शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता सोडतो. त्यात ओले कोट, ओले बूट, श्वासाची वाफ. हजारो माणसं आत आली की हवेचा दमटपणा वाढतो आणि तो दव होऊन बर्फावर बसतो. म्हणून गर्दीच्या सामन्याआधी लादी थोडी जास्तच थंड करून ठेवायची. किती, याचं गणित पुस्तकात आहे, पण साप्पोरोत बाहेर हिमवृष्टी असेल तर निराळं आणि आकाश निरभ्र असेल तर निराळं. हॉकीला बर्फ कडक लागतो, उणे पाच-सहा; फिगर स्केटिंगवाल्यांना उडी मारून उतरताना थोडा मऊ हवा असतो. त्यांचे सामने माकोमानाईच्या क्रीडागृहात ठेवले होते म्हणून बरं. एकाच रिंकवर दोन्ही खेळ आले की बर्फवाल्याने दिवसातून दोनदा तापमान हलवायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या.

संध्याकाळी ७

वरच्या गटातला सामना. या स्पर्धेतल्या कोरिया-जपान लढतीसारखी रात्र असली तर मध्यंतरात बर्फ कसा दिसेल याची उत्सुकता सगळ्यांनाच. या दोन देशांची गाठ पहिल्यांदा १९८२च्या जागतिक स्पर्धेत पडली तेव्हा जपानने कोरियाला २५–० असं धुतलं होतं. त्यानंतर चौतीस वर्षं कोरियाला जपानवर एकही अधिकृत विजय मिळाला नाही. तो आला २०१६मध्ये. आणि इथे, साप्पोरोत, जपानच्या घरात, कोरियाने ४–१ असा सामना काढला.

त्यामागे प्रशिक्षक जिम पेक होता. सेऊलमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला, पिट्सबर्ग पेंग्विन्सकडून १९९१ आणि १९९२मध्ये स्टॅन्ली करंडक जिंकलेला. २०१८चं प्याँगचांग ऑलिंपिक तोंडावर आलेलं, यजमानांच्या संघाची लाज निघू नये म्हणून कोरियाने त्याला आणलं, शिवाय कॅनडा-अमेरिकेतले काही खेळाडू नागरिकत्व देऊन संघात घेतले. कॅनडातून आलेला गोलरक्षक मॅट डाल्टन त्यांपैकीच. यावर जपानमध्ये नाकं मुरडली गेली, कोरियातही. मला त्यात फारसं वावगं दिसत नाही. गोलरक्षक उसना आणता येतो, पण कोरियाचे स्थानिक खेळाडू त्या काळात ज्या वेगाने स्केट करायला लागले तो वेग कोणी उसना देत नाही. त्याच एप्रिलमध्ये कीव्हला कोरियाने जागतिक स्पर्धेच्या सर्वोच्च गटात पहिल्यांदाच प्रवेश मिळवला.

मात्र कझाकस्तानपुढे त्यांचं काही चाललं नाही, ०–४. चीनला त्यांनी १०–० हरवलं आणि रौप्यावर समाधान मानलं. सुवर्ण कझाकस्तानचं, कांस्य जपानचं. १९८६मध्ये याच साप्पोरोत पहिली आशियाई हिवाळी स्पर्धा झाली तेव्हा हॉकीचं सुवर्ण चीनने नेलं होतं, हे दहा गोल खाणाऱ्या चीनकडे बघून खरं वाटत नाही. सोव्हिएत संघ फुटला, कझाकस्तान वेगळा देश म्हणून आशियात आला आणि सगळा तोल गेला. २०११, २०१७, आणि पुढे २०२५मध्ये हार्बिनला, तीनही वेळा सुवर्ण त्यांचंच.

रात्री ८.२०

दुसरं मध्यंतर, आणि आज मध्यंतराआधीच भानगड. निळ्या रेषेजवळ बर्फाचा तळहाताएवढा टवका उडाला. पंचाने शिट्टी वाजवून खेळ थांबवला, हात केला. बर्फवाला बादली घेऊन पळत आत, भर प्रेक्षकांत, बुटांनी जपून. बादलीत भुगा आणि पाणी यांचा लगदा. तो खड्ड्यात दाबायचा, पकच्या पाठीने थापटायचा, वर कार्बन डायऑक्साइडचा फवारा मारायचा, म्हणजे क्षणात घट्ट. मग हाताने चाचपून कड सारखी करायची. गुडघे टेकून बसलेल्या या माणसाभोवती दोन्ही संघांचे खेळाडू काठ्यांवर हनुवट्या टेकून उभे, श्वासांच्या वाफा. दीड मिनिटाचं काम. तेवढ्या वेळात लाउडस्पीकरवर गाणं लावलेलं असतं आणि प्रेक्षक टाळ्यांचा ठेका धरतात. त्या गाण्याच्या तालात काम करायचं नाही हे शिकायला वर्षं जातात.

रात्री ९.४५

संपलं. राष्ट्रगीत, हस्तांदोलन, मुलाखती. लोक बाहेर पडून त्सुकिसामू-चूओच्या भुयारी रेल्वेकडे चालू लागतात. साफसफाईवाले खुर्च्यांखालचे डबे गोळा करतात; थोडेच असतात, कारण इथले प्रेक्षक बरेचसे स्वतःच उचलून नेतात.

रात्री १०.३०

रात्रीचं सारवण दिवसासारखं नसतं. दिवसा घाई, पाणी कमी मारायचं, लगेच गोठायला हवं. रात्री खोल तासायचं, दिवसभरात चढलेला फुगवटा काढायचा, मग हळूहळू भरपूर पाणी. गोलच्या तोंडाशी नळीने हाताने वेगळं पाणी सोडायचं, एक थर गोठला की दुसरा.

या कामात मध्ये मध्ये नुसतं थांबावं लागतं. तेवढ्यात उद्याचं वेळापत्रक आलंय. पहिला सराव सकाळी साडेसातला. त्याने अर्ध्या तासाची सवड मागितली होती, कारण पूर्वेकडचा गोल आज फार झिजलाय आणि तिथे आणखी एक थर हवा. सवड मिळाली पंधरा मिनिटांची. तो वहीत दोन ओळी लिहितो: पूर्व गोल, डावी बाजू, पहाटे पुन्हा मोजणे. खाली तापमान, पाण्याचे लिटर, पात्याचा क्रमांक. आणि गजर साडेचारऐवजी चारचा लावतो.